उन्हाचं औषध

सर्व्हे पार्टीत एक उन्हाळा काढलेल्या माणसाजवळ किस्से साठतातच. अंगात दुसरं काही उरत नाही, मग तोंड तेवढं चालतं. मी तेव्हा कालव्याच्या सर्व्हेवर लेव्हल-बुकात आकडे लिहायचो. वर्धा तेव्हा मध्यप्रदेशात, मोठं ऑफिस नागपूरला, आणि भर मे महिन्यात आम्ही नालवाडीपासून सावंगीच्या माळापर्यंत उन्हात. थकलो होतो हो. अजूनही आठवलं की मान दुखते.

पार्टीचे ओव्हरसियर वामनराव. लेव्हल म्हणजे जमिनीचा चढउतार मोजायचं यंत्र; त्याच्या दुर्बिणीतून बघायचं आणि मला आकडा सांगायचा, हे त्यांचं काम. त्यांना कोड होतं. ओठांभोवती, मानेवर, हातांवर डाग. डागांना ऊन लागलं की संध्याकाळपर्यंत फोड यायचे.

छत्री होती, पण ती यंत्राची. ऊन लागलं की लेव्हलचा बुडबुडा सरकतो, म्हणून सरकार यंत्रामागे एक छत्री देतं. ती धरायला खलाशी, म्हणजे पार्टीतला गडी, महादेव. इंग्रज असल्यापासून त्याने यंत्रावर ऊन पडू दिलं नव्हतं. एकदा वामनरावांनी डोकं सावलीत जरा जास्तच सरकवलं.

"बाबूजी, डोकं काहाडा," महादेव म्हणाला. "यंत्राले ऊन लागून राह्यलं."

*

वामनरावांनी मार्चमध्येच दुसऱ्या छत्रीसाठी नागपूरला अर्ज केला होता. दीड महिन्याने उत्तर आलं : 'पार्टीस यंत्र एकच असताना दुसऱ्या छत्रीचे प्रयोजन कळवावे.'

वामनराव चिडले होते. त्यांनी एका ओळीत लिहून पाठवलं : 'प्रयोजन, मी स्वतः.'

यावेळी उत्तर आठ दिवसांत आलं. 'आपले नाव साठा-यादीत आढळत नाही.'

*

फोड पिकले तेव्हा मी त्यांना वर्ध्याच्या डॉक्टरांकडे घेऊन गेलो. डॉक्टर माणूस भला, पण स्पष्ट बोलणारा. "पुन्हा असे फोड आले तर मला अनफिट लिहावं लागेल," म्हणाले.

वामनराव नऊ वर्षं हंगामी होते. जूनच्या आधी नागपूरचे साहेब कामाची तपासणी करायला येणार होते. ती नीट झाली तर ते पर्मनंट होणार होते, आणि अनफिट ठरले तर घरी. पदरी दोन मुली.

चार दिवसांनी डॉक्टरांनीच मुंबईहून एक बाटली मागवून दिली. ऊन अडवणारं औषध, स्पिरिटमध्ये कालवलेलं. चिठ्ठीवर नाव होतं पॅरा-अमिनो-बेंझोइक ॲसिड. मी ते मोठ्याने वाचलं आणि महादेवने बाटली पाठीमागे लपवली.

"ॲसिड तोंडाले लावता? काऊन जिवावर उठले, बाबूजी?"

शेवटी त्याने आधी स्वतःच्या करंगळीला लावून बघितलं. पूर्ण एक दिवस करंगळी शाबूत राहिली, तेव्हा बाटली परत मिळाली.

*

औषधाने काम केलं. पहिल्या दिवशी संध्याकाळी वामनराव आरशात बघत बसले. फोड नव्हते. मला खरंच बरं वाटलं.

पण त्या औषधाने कपडे पिवळे पडत. शनिवारी ते घरी गेले ते पिवळी कॉलर आणि पिवळ्या बाह्या घेऊन. वहिनींनी सदरा उजेडात धरला.

"कोणाच्या हळदीले गेलते?"

"उन्हात होतो."

"बरोबर हाये. मांडवात ऊनच राह्यते."

बाटली दाखवली, चिठ्ठी दाखवली, तरी सदरा दोन दिवस खुंटीवर लटकला. सोमवारी पहाटे वामनराव निघाले तेव्हा वहिनींनीच त्यांच्या मानेला मागून औषध लावून दिलं. तिथे त्यांचा हात पुरत नव्हता.

*

तपासणीच्या दिवशी बाटलीत तीन बोटं औषध उरलं होतं. साहेबांच्या जीपला रस्ता दाखवायला वामनराव सकाळी लवकर गेले. जाताना महादेवला सांगून गेले, "उन्हाचं औषध काढून ठेव. आल्यावर लावायचंय. आज कसर नको."

साहेबांना घेऊन ते माळावर आले, तेव्हा बाटली रिकामी होती आणि लेव्हल चकचकत होती. दुर्बीण, पितळी स्क्रू, तिपाईचे तिन्ही पाय. सगळीकडे स्पिरिटचा वास.

"लावून ठेवलं, बाबूजी," महादेव म्हणाला. "थेंब नाई ठेवला."

साहेब येणार म्हणून आज औषध यंत्राला, असं त्याने धरलं होतं; त्याच्या नोकरीत उन्हापासून जपायची वस्तू एकच होती. वामनरावांनी बाटली उलटी करून पाहिली, खाली ठेवली आणि दुर्बिणीला डोळा लावला. साहेबांसमोर बोलणार काय? मी वही उघडली.

दहा वाजले. अकरा वाजले. वामनराव आकडे सांगत होते, मी लिहीत होतो, साहेब मागे टोपी घालून उभे. ओठाजवळचे डाग आधी गुलाबी झाले, मग लाल. महादेव छत्री धरून एकदा बाटलीकडे बघायचा, एकदा त्या तोंडाकडे. त्याला कळलं होतं. मला त्याच्याकडे बघवेना.

साडेअकराच्या सुमारास छत्री हलली. हळूहळू यंत्रावरून सरकली आणि वामनरावांच्या डोक्यावर येऊन थांबली.

"अरे ए," साहेब ओरडले, "यंत्रावर ऊन येतंय!"

महादेवने छत्री हलवली नाही.

"येऊ द्या, साहेब. त्याले औषध लावलं हाये."