हजेरीपट उलटा वाचणारे मास्तर

चांगू, हिरू, बाळ्या आणि गणू. नऊ वर्षांपूर्वी पौष शुद्ध नवमीला, गुरुवारी सकाळी, शाळेची घंटा होण्याच्या आत या चार मुलांची नावे खालापूरकडच्या एका शाळेच्या हजेरीपटातून खोडली गेली. दुसऱ्या दिवशी शाळा तपासणारे डिपुटी साहेब परीक्षेला यायचे होते. मुलांनी चोरी केली नव्हती, कोणाला शिवी दिली नव्हती. ती नापास होतील असा हेडमास्तरांना संशय होता, एवढाच अपराध. पटावर कच्ची मुले नसली की नापास निघत नाहीत आणि शाळेची सरकारी ग्रांट शाबूत राहते. ही युक्ती सगळ्यांना ठाऊक आहे आणि तिच्याविषयी कोणी बोलत नाही, म्हणून मी बोलतो. हेही आधीच सांगून टाकतो की, "उद्या शाळेत येऊ नका" हा निरोप त्या चौघांच्या घरी पोचवणारा हुशार विद्यार्थी मीच होतो.

त्या खोडाखोडीच्या आड एकच माणूस आला. बाबाजी मास्तर, आमचे दुय्यम शिक्षक.

ते कशेळ्याकडच्या शेतकरी घरातले. त्याच वर्षी ज्येष्ठात आमच्या शाळेत बदलून आले तेव्हा डोक्यावर इरले, काखेत वळकटी आणि गुडघ्यापर्यंत चिखल. नवा मास्तर आला की आधी राहायची खोली विचारतो. यांनी हजेरीपट मागितला. तोही उभ्यानेच, आणि शेवटच्या पानापासून मागे मागे वाचू लागले. एका मुलाच्या ओळीवर बोट ठेवायचे आणि महिन्यामागून महिना मागे सरकायचे. त्यांना वर्गात बसलेले मी कधी पाहिले नाही. त्यांच्या खुर्चीवर त्यांचे उपरणे बसे.

चार दिवसांनी आम्हा मुलांच्या देखत ते हेडमास्तरांना म्हणाले, "ही मागच्या रांगेतली पोरं ढ नाहीत. ही गैरहजर आहेत."

"गैरहजर? समोर बसली आहेत की."

"आज बसली आहेत. गेल्या आषाढात नव्हती. आपण जोडाक्षरं आषाढात घेतली, तेव्हा ही भाताची रोपं लावायला, आवणीला होती. हातच्याची वजाबाकी कार्तिकात घेतली, तेव्हा ही कापणीला होती. जे कानावर पडलंच नाही, तेच यांना येत नाही. पट बघा, एकूण एक जुळतं."

"मग मी काय आषाढ पुढे ढकलू?"

"आषाढ राहू द्या. धडा ढकलू."

हेडमास्तरांनी तपकीर ओढली आणि विषय संपवला. बाबाजी मास्तरांनी संपवला नाही. मधल्या सुटीत ही मुले गुरांना पाणी दाखवायला नदीवर जात. मास्तर तिथेच जाऊ लागले. काठची वाळू हाताने सारखी केली की झाली पाटी. तिथे इयत्ता नव्हती. पहिलीतला आणि तिसरीतला एकाच जागी अडला असेल तर दोघे एकाच वाळूपुढे बसत. कोणी "येत नाय" म्हणाला की ठरलेले उत्तर मिळे, "येत नाय म्हनू नको रं. कुठवर येतं ते सांग. तितनं फुडं मी हाय." हेडमास्तरांशी शुद्ध बोलणारे मास्तर नदीवर गेले की त्या मुलांच्या घरचे बोलत.

एकदा मीही ऐटीत तिथे गेलो. म्हटले, "मास्तर, मी शिकवू का यांना?"

"तू नको. तुला कदी अडलंच नाय, तू यांना काय सांगनार? हिरूला बोलाव. त्याचा हातचा कालच सुटला. त्याला वाट अजून याद हाय."

पोरे हसली. मला राग आला. आज मी पत्रके छापतो, सभेत उभा राहून बोलतो, तरी तो टोला अजून लागतो, कारण तो बरोबर होता.

मास्तरांना देव करायला मी बसलेलो नाही. माणूस उतावळा होता. नदीवरून परतायला उशीर होई आणि त्यांचा स्वतःचा वर्ग तोवर मोकाट सुटलेला असे. शेरे लिहायला ते कंटाळत. माझ्या वडिलांनीच तक्रार केली की आमच्या मुलाकडे हा मास्तर बघत नाही. त्यावर ते म्हणाले, "तुमचा मुलगा माझ्याशिवाय पास होतो. ज्याला माझी गरज नाही त्याच्याजवळ मी उभा का राहू?" अशी उत्तरे देणाऱ्याची बाजू कोण घेणार?

कार्तिकात कापणी आली आणि नदीकाठ ओस पडला. मास्तर शेतावर गेले. चांगूचा बाप कापणीत वाकलेला होता. म्हणाला, "मास्तर, भात उभं हाय. तुमची अक्षरं काय पोटात घालू?"

"पोरगं दोन घटका द्या. तेवडा येळ त्याचा विळा मी चालवतो."

"आन् पेंढ्या बांदाया येत्यात का?"

मास्तर जरा घुटमळले. तेवढ्यात चांगू म्हणाला, "मास्तर, कुठवर येतं ते सांगा." बाप कंबर धरून हसला आणि विळा मास्तरांच्या हाती दिला. तेव्हापासून कापणी सरेपर्यंत रोज मास्तर दोन घटका शेतात आणि चांगू तेवढा वेळ बांधावर हिरूपुढे शिकायला. गावभर झाले. हेडमास्तर म्हणाले, "मास्तरानेच विळा धरला तर मुलांनी नमस्कार कोणाला करायचा?"

चांगूला हातच्याची वजाबाकी आली. गुणाकार आला. भागाकार निम्मा आला. आणि मग ती नवमी उजाडली.

हेडमास्तरांनी रेघा ओढल्या आणि मला पाठवले. चांगू खळ्यावर भात झोडत होता. मी निरोप सांगितला. त्याने हातातली पेंढी खाली ठेवली.

"मला हातचा येतो आता. तू सांगितलंस का हेडमास्तरांना?"

"त्यांना ठाऊक आहे."

"मंग?"

मी हिरूच्या घराकडे वळलो. तिथेही तेच केले, आणि पुढेही.

परीक्षेच्या दिवशी डिपुटी साहेबांची बैलांची दमणी दारात उभी राहिली त्याच वेळी बाबाजी मास्तर चौघांना घेऊन आले. अंगावर खळ्यातला भुसा तसाच. मास्तरांनी त्यांना पुढच्या रांगेत बसवले. हेडमास्तर म्हणाले, "यांची नावे पटावर नाहीत."

"साहेब, काल सकाळपर्यंत होती," मास्तर म्हणाले. "रेघेची शाई तेवढी पाहा."

साहेब वाईट माणूस नव्हते, घाईत होते. त्यांनी पट पाहिला, हेडमास्तरांकडे पाहिले आणि म्हणाले, "बसू द्या." बाळ्या आणि गणू वाचनात पास उतरले. हिरू वजाबाकीत उतरला. चांगूला भागाकार घातला.

आम्हा बाकीच्यांना हेडमास्तरांनी पढवून ठेवले होते की येत नसले तरी काहीतरी लिहा, पाटी कोरी दिसता कामा नये. चांगूला हे कोणी सांगितलेच नव्हते. तो मध्येच थांबला, पेन्सिल खाली ठेवली आणि सरळ साहेबांना म्हणाला, "सायेब, हितवर आलं. फुडं शून्य आलंय, त्याचं काय करायचं तितं अडलो." नदीवर असे सांगितले की मास्तर वाळूत बसत. इथे वर्ग खदखदला आणि साहेबांनी नापास लिहिले.

"साहेब, मुलानं अडल्याची जागा स्वतः दाखवली," मास्तर म्हणाले. "तेवढं लिहून ठेवा. पुढच्या मास्तराला उपयोग होईल."

"माझ्याकडे दोनच रकाने आहेत, मास्तर. पास आणि नापास."

"मग तिसरा आखा. पट्टी मी देतो."

साहेबांच्या ओठांवर हसू येता येता राहिले. रकाना काही आखला गेला नाही.

फाल्गुनात मास्तरांची बदली झाली, घाटाच्या पायथ्याच्या एका आडवळणी वाडीवर. कारण लिहिले होते, वरिष्ठांशी उद्धटपणा. चांगूच्या बापाने त्याला शाळेतून काढले होते. म्हणाला, "सायबानंच सांगितलं, नाय येत. आमी कोन इचारनार?" निघायच्या दिवशी मास्तर त्यांच्या अंगणात गेले. मी वळकटी घेऊन मागे होतो. चांगू बाहेर येईना. मास्तर दाराकडे पाहून म्हणाले, "चांगू, शून्याचं सांगायचं माज्याकडनं राह्यलं. चूक माजी हाय, तुजी नाय." मग काटकी घेऊन अंगणातच भागाकार मांडायला लागले, मोठमोठ्याने बोलत, जसे वर्गात तीस मुले बसली आहेत. निम्मा झाला तेव्हा चांगू दारात आला. शेवटच्या आकड्यापर्यंत पाहत उभा राहिला.

दोन पावसाळ्यांनी मास्तर त्या वाडीवर तापाने गेले. तिथल्या पोस्टमनाने कळवले, एवढीच बातमी. चांगू आज कर्जत ठेसनावर पोती उचलतो. दिसला की हात करतो. मला हात वर करायला अजून क्षणभर लागतो.

कोणी म्हणेल, जुनी गोष्ट आहे. जुनी नाही. या वर्षी मी कर्जत तालुक्यातली आणि खालापूरकडची गावे पायी फिरलो. परीक्षा जवळ आली की अजून मुले घरी बसवली जातात, अजून माझ्यासारखे हुशार विद्यार्थी निरोप घेऊन जातात, आणि आईबाप मान हलवून पोराला गुरांमागे धाडतात. बाबाजी मास्तर एकटे होते, म्हणून त्यांची बदली करता आली. गावाची बदली कोणाला करता येत नाही.

तुमच्या गावात शाळा आहे. येत्या पौषात तिथे डिपुटी येतील. त्या सकाळी तुम्ही आपल्या आळीतून एक चक्कर मारा. शाळेच्या वेळेला कोणाचेही मूल दारात दिसले तर त्याला कारण विचारत बसू नका. त्याला शाळेत न्या, पुढे बसवा, आणि साहेब त्याला प्रश्न विचारीपर्यंत वर्गाच्या दारातून हलू नका. हलायला सांगितले तरी हलू नका.