स्वामी सरांचं साखरपाणी

परंड्याच्या स्टँडवर कुर्डुवाडीची गाडी लागलेली होती. खिडकीशी जागा मिळाली म्हणून मी खुशीत होते, तेवढ्यात आमच्या मुख्याध्यापकांचा फोन आला. "बाई, स्वामी सर गेले." मी विचारलं, "आता कुठं गेले?" माणूस सतत कुठं ना कुठं निघालेला असला की हा प्रश्न आपसूक तोंडातून जातो. कधी बार्शीच्या बेकरीतून यीस्ट आणायला, कधी दुसऱ्या शाळेचा सूक्ष्मदर्शक दुरुस्त करून द्यायला... मुख्याध्यापकांनी पुन्हा तेच सांगितलं, तेव्हा माझ्या लक्षात आलं. सकाळी चहा घेता घेता झटका आला आणि संपलं. दवाखान्यात न्यायलाही सवड दिली नाही. कंडक्टर म्हणत होता, "बाई, उतरताय का बसताय?" आणि मी जागेवरून उठून पायरीवर तशीच उभी होते.

याला आता काही आठवडे झाले. विरूपाक्ष स्वामी आमच्या शाळेत विज्ञान शिकवायचे आणि मी मराठी. निवृत्त होऊन त्यांना दोन वर्षं झाली होती, पण ती कागदावर. दर शनिवारी सकाळची शाळा सुटायच्या सुमाराला कपाळावर भस्माचे पट्टे, खांद्याला पिशवी आणि शर्टाच्या खिशात पेनाच्या जागी चमचा, अशा थाटात स्वारी प्रयोगशाळेत हजर. मूळचे तामलवाडीकडचे. घरात आई कानडी बोलायची, त्यामुळे आनंद अनावर झाला की त्यांना आधी कानडी सुचायचं. "नोड्री बाई, नोड्री!" म्हणजे बघा बघा. हे ऐकलं की मी हातातलं काम टाकून जायची, कारण गेले नाही तर ते बाटली घेऊन माझ्या वर्गात यायचे. कवितेच्या तासाला, ऐन तिसऱ्या कडव्यावर.

विज्ञानाशी माझं वाकडं होतं. दहावीला कशीबशी सुटले आणि परत त्या वाटेला गेले नाही. सरांना नेमकं हेच आवडायचं. "तुम्हाला पटलं की पोरांना पटलं म्हणायचं," ते म्हणत. पहिल्यांदा त्यांनी मला बटाटा दाखवला. एका वाटीत साधं पाणी, दुसऱ्या वाटीत साखरेचं घट्ट पाणी, दोन्हीत बटाट्याच्या सारख्या कापलेल्या फोडी. तासाभरानं म्हणाले, वाकवून बघा. साध्या पाण्यातली फोड कडक, वाकवली तर कट्‌कन मोडली. साखरेतली मात्र वादीसारखी लोंबायला लागली. मी म्हटलं, हे काय हो? तर म्हणाले, "साखर बाहेर लई झाली की ती आतलं पाणी ओढून घेती, बाई. जावयासारखं हाय. घरात आला की काहीतरी घेऊनच निघणार." पुस्तकात याला परासरण म्हणतात. तो शब्द मी पुष्कळ वेळा वाचला होता, शुद्धलेखनाला घातलाही होता. बोटांना कळला तो त्या दिवशी.

आता भांडणाचं सांगते, सर निवृत्त व्हायच्या आधीचं. वर्गांच्या रांगेत शेवटची खोली म्हणजे प्रयोगशाळा. खिडकीतून किल्ल्याचा बुरूज दिसतो, उजेड छान. माझ्या वाचनालयाची पुस्तकं तेव्हा शिक्षकांच्या खोलीत पेट्यांत पडून होती आणि वाळवीनं त्यांची चव घ्यायला सुरुवात केली होती. मी संस्थेकडे ती खोली मागितली. का नाही मागायची? वर्षातून दोन महिने प्रयोग, बाकी वेळ बाटल्यांवर धूळ, असं मला वाटायचं. सरांच्या कानावर गेलं. ते काही बोलले नाहीत, पण मधल्या सुट्टीत आमचे चहाचे कप वेगवेगळ्या कोपऱ्यांत जायला लागले. शेवटी संस्थेचे अध्यक्ष म्हणाले, "मी येतो, बघतो. खोलीत काय चालतंय ते दिसू द्या. उपयोग दिसला तर प्रयोगशाळा, न्हायतर बाईंची पुस्तकं." ती खोली गेली असती तर स्वामी सरांकडे फळा आणि खडू एवढंच उरलं असतं. आणि फळ्यावरचं विज्ञान म्हणजे चित्रातलं जेवण, असं त्यांचं मत होतं.

त्यांचा बेत साधा होता. तीन बाटल्या, तिन्हीत कोमट पाणी आणि सारखं यीस्ट. पहिलीत साखर नाही, दुसरीत चिमूटभर, तिसरीत दोन चमचे. बाटल्यांच्या तोंडाला फुगे. यीस्ट साखर खातं, वायू सोडतं आणि फुगा उभा राहतो. तिसरी बाटली अध्यक्षांच्या खुर्चीसमोर ठेवायची, कारण तिचा फुगा सगळ्यांत मोठा होणार. ती भरायचं काम नववीतल्या भाग्यश्रीला दिलेलं. हुशार पोरगी, हात स्वच्छ, कधी चुकायची नाही.

अध्यक्ष आले, हारतुरे झाले, सगळे बाटल्यांकडे बघत बसले. बिनसाखरेचा फुगा पडलेला, तो पडणारच होता. चिमूटभरवाला हळूहळू मान वर काढायला लागला. आणि समोरचा, मानाचा, दोन चमच्यांवाला... तो बाटलीच्या गळ्यात गळा घालून झोपलेला. हलेना. पाच मिनिटं, दहा मिनिटं, वीस मिनिटं. अध्यक्षांनी घड्याळ पाहिलं, त्यांना कुर्डुवाडीला लग्नाला जायचं होतं. मुख्याध्यापक माझ्याकडे बघून हलकेच मान हलवत होते. खरं सांगते, मी मनातल्या मनात कपाटं लावायला घेतली होती. कादंबऱ्या खिडकीपाशी, कविता दाराजवळ.

सरांनी ती बाटली उचलून उजेडात तिरकी केली. आतलं पाणी काकवीसारखं जड हललं. "भाग्यश्री, साखर किती घातली गं?" तिची मान खाली. "सर... अख्खा पुडा." सर म्हणाले, "मी दोन चमचे म्हनलो हुतो की." तेव्हा ती पोरगी रडवेल्या आवाजात म्हणाली, "अध्यक्षसाहेब येणार म्हनून घातली, सर. पाव्हण्याम्होरं दोन चमचे कसं दिसतंय?"

बाहेरच्या वाचकांसाठी सांगायला हवं. आमच्याकडे पाहुण्याला दिलेल्या चहानं ओठ एकमेकांना चिकटले नाहीत तर त्या घराचा हात आखडता समजतात. सोयरिकीच्या बोलण्यात "चहाच फिका होता" एवढ्यावरून लोक काय समजायचं ते समजतात. त्यामुळे भाग्यश्रीनं काही चुकीचं केलं असं वर्गात एकाही पोराला वाटलं नव्हतं. मलाही नाही. मीसुद्धा पुडाच ओतला असता.

मला वाटलं, आता हा माणूस कोसळणार. पण सरांच्या चेहऱ्यावर असं काही पसरायला लागलं की मी बघतच राहिले. बाटली छातीशी धरून ते अक्षरशः उडाले. "नोड्री! अहो नोड्री! पोरीनं माझ्यापेक्षा भारी प्रयोग केलाय!" मग अध्यक्ष, मुख्याध्यापक, लग्न, खोली, सगळं विसरून ते बोलत सुटले. साखर नसली तर यीस्ट उपाशी. बेताची असली तर खुशीत. आणि फार झाली तर? तीच साखर त्याच्या अंगातलं पाणी बाहेर ओढणार, मग खायचं कशानं? अन्न तेच, जीव तोच, फक्त पाण्यात साखर किती यावर सगळा खेळ! अध्यक्ष हसून म्हणाले, "म्हंजे पाहुणचारानं पाव्हणा मेला म्हणा की." सर गरकन वळले. "मेला न्हाय, साहेब. गप पडलाय. जागा करून दाखवू का?" अध्यक्ष म्हणाले, "आणि न्हाय झाला तर?" सर म्हणाले, "तर खोली बाईंची."

मुख्याध्यापकांनी डोक्याला हात लावला. सरांनी त्या घट्ट पाकातलं थोडंसं नव्या बाटलीत घेतलं आणि वरून कोमट पाणी भरलं. यीस्टचा एक कणही वरून घातला नाही. फुगा चढवला, बाटली ऊन पाण्याच्या भांड्यात ठेवली आणि अध्यक्षांना म्हणाले, "बसा अर्धा तास." संस्थेच्या अध्यक्षांना "बसा" म्हणणारा माणूस मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला. ते बसले. लग्न चुकलं तरी चालेल, अशा चेहऱ्यानं बसले. आम्ही सगळेच त्या लाल फुग्याकडे बघत होतो आणि मला काय झालं कोण जाणे, मी मनात म्हणत होते, ऊठ रे बाबा, ऊठ... तो उठला तर माझी खोली जाणार, हे ठाऊक असून म्हणत होते. आधी पाण्यावर फेस आला. मग फुग्याची सुरकुती जराशी सुटली. मग तो लडबडत, इकडे तिकडे डुलत, मान सावरत सरळ उभा राहिला आणि वर्गात असा गलका झाला की शेजारच्या वर्गातली पोरं दारात येऊन उभी राहिली. मी बाकावर उभी राहून टाळ्या वाजवत होते. बाकावर कधी चढले, ते आठवत नाही.

अध्यक्षांनी माझ्याकडे बघून विचारलं, "मग बाई, तुमच्या पुस्तकांचं कसं करायचं?" मी खाली उतरले, पदर नीट केला आणि म्हटलं, "पुस्तकं भिंतीला लागतील, साहेब. मधलं टेबल तेवढं हलवू नका."

अशी ती खोली दोघांची झाली, आणि मग खरी कटकट सुरू झाली. साखरेच्या पाण्याला मुंग्या येणार आणि आलेल्या मुंग्या वाचनाची आवड लावून घेणार. एकदा एका कथासंग्रहाच्या पानांतून मुंग्यांची रांग निघाली, तेव्हा मी सरांना असं काही बोलले की ते दुसऱ्याच दिवशी टेबलाच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवून बसले. "आता खंदक केलाय, किल्ल्यासारखा," म्हणाले. ग्रंथदिनाला मी पुस्तकं मांडली की हे मधोमध मनुके भिजत घालणार. पण पोरं मनुके फुगायची वाट बघत पुस्तकं चाळायची आणि पुस्तक बदलायला आलेली पोरं बटाटे वाकवून बघायची. भांडायला मला तोंड उरलं नाही.

निवृत्तीनंतर त्यांनी एक नवंच खूळ घेतलं. सदाफुलीचे परागकण. फुलाची ती बारीक नळी ब्लेडनं चिरायची, आतले कण साखरेच्या पाण्याच्या थेंबात सोडायचे आणि सूक्ष्मदर्शकातून बघत बसायचं. परागकण फुलात उगवतो, त्याला नळी फुटते, ती वाढत वाढत बीजांडापर्यंत पोचते, तेव्हा कुठं बी धरतं. तेच काचेवर, आपल्या डोळ्यांदेखत झालं पाहिजे असा त्यांचा हट्ट. साध्या पाण्यात कण फुटून जायचे, जास्त साखरेत आक्रसून बसायचे. कुठंतरी मध्ये त्याची जागा होती, ती सापडेना. दर शनिवारी पाणी वेगळं. कुणीतरी सांगितलं म्हणून कॅरमची पावडर, म्हणजे बोरिक पावडर, चिमटीनं घालून झाली. मी एकदा चिडून म्हटलं, "अहो, पुस्तकात आकडा दिलेला असेल की." तर म्हणाले, "असंल की. पर पुस्तकातली सदाफुली आपल्या परंड्याची हाय व्हय?" शेवटच्या शनिवारी ते जाताना दारात थांबले, पिशवी खांद्याला लावली आणि म्हणाले, "अजून घट्टच हाय, बाई. पुढच्या खेपेला फिकं करून बघू." गुरुवारी ते गेले.

तेराव्यानंतर मुख्याध्यापकांनी मला बोलावून घेतलं. भले माणूस आहेत, पण विज्ञानाची जागा रिकामी, नवे शिक्षक कधी येतील ठाऊक नाही, तोवर सामानाची मोडतोड होणार, अशी त्यांची काळजी. "सामान भरून वर ठेवून देऊ, बाई. सगळी खोली वाचनालयाला घ्या. तुमची जुनी मागणी होतीच." मी म्हटलं, शनिवारनंतर सांगते. का म्हटलं, मलाच कळलं नाही.

शनिवारी आठवीची पोरं न सांगता सदाफुली घेऊन आली. मला ब्लेड धरता येईना, पोरांनी हातातून काढून घेतलं. "बाई, असं न्हाय, उभं चिरायचं." साखर मी मोजली, सरांच्या गेल्या पाण्याहून कमी. कॅरमची पावडर पोरांनी घातली. थेंब, कण, वरून काच. मग वाट बघणं. पहिल्यांदा बघितलं तर नुसते गोल ठिपके. दुसऱ्यांदाही ठिपकेच. माझी पाठ दुखायला लागली आणि मनात आलं, हे मराठीच्या बाईचं काम नाही, उगीच सोंग आहे... तेवढ्यात डोळा लावून बसलेली एक पोरगी ओरडली, "बाई, शेपूट! शेपूट फुटलंया!"

मी तिला जवळजवळ ढकललंच. गोल कणाच्या कडेतून एक पारदर्शक नळी बाहेर आली होती, दोऱ्याहून कितीतरी बारीक. मी नजर न हलवता बघत राहिले आणि ती लांब झाली. मग शेजारच्याला फुटली. मग पलीकडच्याला. मी किंचाळले. मुख्याध्यापक धावत आले, "काय झालं? साप निघाला का?" मी त्यांचा हात धरून त्यांना स्टुलावर बसवलं. त्यांनी डोळा लावला आणि बराच वेळ काढलाच नाही. शेवटी हळूच म्हणाले, "अहो... ही वाढतीय की." मी म्हटलं, "सामान हलवायचं नाही, सर. खोली आहे तशीच राहू द्या." त्यांनी डोळा न काढताच मान हलवली.

मागं पोरांची रांग लागली, "सर, सरका की, आमाला बघू द्या" म्हणून कालवा सुरू झाला. मला हसू आवरेना आणि डोळ्यांचं पाणीही आवरेना. ज्यांनी ही सदाफुली काचेवर उगवावी म्हणून इतके शनिवार वाकून घालवले, त्यांनाच ती दिसली नाही. तेवढ्यात त्या पोरीनं माझा पदर ओढला. "बाई, साखरंऐवजी गुळाच्या पाण्यात उगवंल का हो?"

"मला माहीत नाही," मी डोळे पुसत म्हटलं. "जा, पळ, गूळ घेऊन ये."