तुलनेसाठी घेतलेलं रक्त

आमच्या आजीला घरात सगळे 'सरकार' म्हणतात. वय नव्व्याण्णव. दात स्वतःचे, आवाज खणखणीत, आणि चहा जरा कोमट झाला तर अख्खं घर डोक्यावर घेते. दोन मुलगे तिच्या आधी गेले. उरले माझे वडील, ते वेगळे राहतात. सरकारचं सगळं करते ती माझी थोरली काकू. नवरा जाऊनही सासू न सुटलेली सून, वय अडुसष्ट.

काकू एके काळी चष्म्याच्या दुकानात काचा बसवायची. हात असा, की अवघड चष्मा आला की मालक तिच्याकडेच द्यायचा. सरकारचं खुब्याचं हाड मोडलं आणि काकूने 'थोड्या दिवसांसाठी' रजा घेतली. ते थोडे दिवस अजून संपायचेत. अंघोळ घालायची, कूस बदलायची, डोळ्यांत थेंब घालायचे, वर बोलणी खायची. तिच्या धाकट्या बहिणीने तिच्यासाठी एक खोली रिकामी ठेवलीय, खिडकीशी टेबल असलेली. "सरकारचं झालं की येते," असं काकू वर्षानुवर्षं सांगत आलीय. 'झालं की' म्हणजे काय, ते कुणी तोंडाने बोलत नाही.

मग शंभरीच्या आसपासच्या माणसांचा अभ्यास करणारी एक डॉक्टरीण घरी आली. तिने सरकारचं रक्त घेतलं, माझ्या वडिलांचं घेतलं आणि काकूचंही. काकूला बरं वाटलं. चला, कुणीतरी आपलीही विचारपूस केली.

काही महिन्यांनी डॉक्टरीण निकाल सांगायला आली. "आपल्या पेशींतला डीएनए रोज कुठे ना कुठे तुटत असतो," ती म्हणाली. "तो दुरुस्त करणारी जनुकं असतात. आजींमध्ये त्यातल्या एकाचा जरा वेगळा प्रकार सापडलाय. तो दुरुस्ती जास्त चांगली करत असावा. दीर्घायुष्याशी त्याचा संबंध असू शकतो. पण अजून नक्की काही नाही हं."

ते 'असू शकतो' माझ्या वडिलांच्या कानांत शिरलंच नाही. त्यांच्यातही तोच प्रकार निघाला होता. छाती फुगवून म्हणाले, "आमचं रक्तच तसलं!" अहो, रक्त तुमचं, पण बेडपॅन कोण उचलतं? मी बोलणारच होते, काकूने डोळे वटारले.

"आणि माझ्यात?" तिने विचारलं.

"तुमच्यात नेहमीचाच प्रकार आहे. तुमचं रक्त तुलनेसाठी घेतलं होतं. एकच घर, एकच अन्न, पण रक्ताचं नातं नाही, असं माणूस आम्हाला लागतं."

"म्हणजे मी आपली पासंगाला!" काकू हसली.

डॉक्टरीण बिचारी ओशाळली. "तसं नाही हो. आणि एका जनुकावर कुणाचं आयुष्य ठरत नाही."

पण सरकारने पलंगावरून सगळं ऐकलं होतं. तिचा चेहरा एकदम रडवेला झाला. मला वाटलं, सुनेसाठी जीव तुटला असेल. कसलं काय! "म्हणजे ही माझ्या आधी जायची? मग माझं कोण करणार गं?"

माझं डोकं सणकलं. काकू मात्र उठून पलंगावर बसली आणि सरकारचा हात हातात घेऊन म्हणाली, "मी कुठे जातेय? इथेच तर आहे."

दुपारी तिने बहिणीला फोन लावला. "ती खोली कुणाला तरी देऊन टाक. नाही गं, भांडण कसलं? माझी वाट बघत बसू नकोस, एवढंच." फोन ठेवून ती भांडी घासायला लागली. एकच पातेलं किती वेळ घासत राहिली.

मला राहवलं नाही. "काकू, पुरे झालं. मी रजा काढते. सरकारला मी बघते, बाबांनाही जुंपते कामाला. तू महिनाभर बहिणीकडे जाऊन ये."

तिने नळ बंद केला.

"गेले तर मी परत यायची नाही गं," ती म्हणाली. "मला माहितीये ते. म्हणून तर एक दिवससुद्धा जात नाही."