आत्याच्या पेशी

तू नेमकं करतेस काय, असं नातेवाइकांनी विचारलं की मी सरळ सांगून टाकते: गर्भाशयाच्या मुखाच्या कर्करोगात जनुकांवर ताबा ठेवणारी प्रथिनं कशी वागतात, ते बघते. समोरचा माणूस "अरे वा" म्हणतो आणि चहा घ्यायला उठतो. फक्त माझी आत्या कधी उठली नाही. नाशिकला लागूनच, गोदावरीच्या अंगाला तिचा फुलांचा मळा आहे. झेंडू, शेवंती आणि थोडा गुलाब. ती कमरेवर हात ठेवून विचारायची, "म्हंजी दिवसभर खुर्चीत बसून बघायचं? आन त्याचा पगार देत्यात?" मला राग यायचा. तो मला तसाही लवकर येतो, आणि आत्याला तो आणायला फार आवडतं.

गेल्या श्रावणात एका रविवारी सकाळी मळ्यावर गेले, तर वहिनी, म्हणजे आत्याची सून, एकटीच देवाची फुलं तोडत होती. आत्या बांधावर बसून नुसत्या सूचना सोडत होती. मी चक्रावले. त्या घराची रीत अशी की त्र्यंबकेश्वरला जाणारी फुलं पाळी आलेल्या बाईने तोडायची नाहीत. बाजाराची चालतात, देवाची नाही. मला हे कधीच पटलं नाही, त्यावरून मी आत्याशी कडाकडा भांडलेय. पण तिची स्वतःची पाळी गेली तेव्हापासून देवाची फुलं तिची एकटीची झाली होती. तो मान ती सुनेला द्यायलाही तयार नसे.

"रुसल्यात," वहिनी हळूच म्हणाली. "ठिबक बदलायचं म्हटलं ना आम्ही, तवापासून. मधीच आठ-आठ दिवस देवाच्या फुलांना हात लावत नाय. परत आपलं आपण सुरू करत्यात."

सगळ्या घराचा हाच समज होता. आतेभाऊ तर ठिबकचा बेतच रद्द करायला निघाला होता.

मी आत्याशेजारी जाऊन बसले. "काय गं, सुनेशी कट्टी का?"

"कट्टी कशाला?" आत्या चक्क लाजली. आजूबाजूला बघून म्हणाली, "अडचण हाय. परत सुरू झालंय, इतक्या वर्षांनी. तुझी आत्या जवान झाली बघ!"

पाळी जाऊन बरीच वर्षं झाल्यावर जाणारं रक्त म्हणजे पाळी नव्हे, हे मला झोपेतही कळतं. दर वेळी कर्करोगच निघतो असं नाही, पण तपासल्याशिवाय सोडायचं नसतं. आणि ही बाई कित्येक महिने देवाला विटाळ नको म्हणून बांधावर बसून राहिली होती! मी ओरडलेच. "ऊठ. आत्ताच्या आत्ता गाडीत बस."

"श्रावण होऊ दे. मग येते."

"देव थांबेल. हे थांबणार नाही."

"हे म्हंजी काय, ते सांग आधी. तू त्याचंच शिकलीस ना?"

मग मी तिथेच ओल्या बांधावर बसून सांगितलं. प्रत्येक पेशीत काही प्रथिनं मुकादमासारखी असतात. कोणत्या जनुकाने कामाला लागायचं, कोणत्याने गप्प बसायचं, हे ती ठरवतात. काही म्हणतात वाढा, काही म्हणतात आता पुरे. एक विषाणू असतो. बहुतेक बायकांच्या अंगातून तो आपोआप निघून जातो, एखादीच्या अंगात वर्षानुवर्षं गुपचूप राहतो. त्याचं प्रथिन 'पुरे' म्हणणाऱ्या मुकादमालाच संपवतं. मग 'वाढा' म्हणणारे मोकाट सुटतात.

"आन हा शिरतो कुठून?"

"संसारातून. नवरा-बायकोच्या संबंधातून. कुठल्याही बाईत शिरू शकतो. त्यात तुझं काही चुकलेलं नाही."

आत्या गवताची काडी मोडत राहिली. मग म्हणाली, "मग दुसरा मुकादम बसवा की."

"तेच शोधतोय आम्ही."

"अजून?"

मला उत्तर सुचलं नाही. सबंध आयुष्यात आत्याने मला निरुत्तर झालेलं तेव्हाच बघितलं असेल. माझ्या एवढ्या व्याख्यानाने जी घाबरली नाही, ती माझ्या गप्प बसण्याने घाबरली. साडीची माती झटकून उठली आणि म्हणाली, "चल."

कर्करोगच निघाला. पण अजून गर्भाशयाच्या मुखापुरताच होता, पुढे सरकलेला नव्हता. डॉक्टरांनी लगेच शस्त्रक्रिया करायची ठरवली. वहिनी रडून रडून हैराण. "मी आपली रुसल्या समजले." आत्याने तिला जवळ ओढलं. "मी रुसतेच की गं एरवी. तुला कसं कळणार?" मला दोघी फार आवडल्या त्या दिवशी.

शस्त्रक्रियेच्या आधी डॉक्टरांनी विचारलं, गाठीचा एक तुकडा संशोधनासाठी घेऊ का? तो येणार होता आमच्याच प्रयोगशाळेत, म्हणून तिला माझी भीड पडू नये असं वाटून मी मुद्दाम बाहेर जाऊन बसले. आत्याने मला आत बोलावून घेतलं.

"तुमच्याकडं आधीपासून ज्या पेशी हायेत, त्या कुणाच्या?"

"वेगवेगळ्या बायकांच्या. फार जुन्या आहेत."

"त्या बाया बऱ्या झाल्या?"

खोटं बोलता आलं असतं. "नाही गं."

"मंग घ्या माझा तुकडा. सगळ्या गेलेल्याच बाया ठेवल्यात तुम्ही. एक वाचलेली पन असू द्या."

तेव्हा ती वाचलेली नव्हती. तशी हमी तिला कुणीच दिली नव्हती, मीही नाही.

शस्त्रक्रिया नीट झाली. काढलेल्या भागाच्या कडा स्वच्छ निघाल्या, रोग कुठे पसरला नव्हता. इकडे माझ्या सहकाऱ्याने आत्याच्या पेशी ऊब देऊन, खाऊपिऊ घालून जपल्या. काही दिवस त्या प्रयोगशाळेतल्या बशीच्या तळाला चिकटून राहिल्या, मग एकेक करून सुटल्या आणि मेल्या. बाहेर काढलेल्या पेशी बहुतेकदा अशाच मरतात. त्यावरून पेशंटच्या तब्येतीचा काही अर्थ काढायचा नसतो, हे मी स्वतः विद्यार्थ्यांना बजावते. सहकारी पडलेल्या चेहऱ्याने माझ्याकडे आला. मी व्हरांड्यात जाऊन आत्याला फोन लावला.

"आत्या, तुझ्या पेशी जगल्या नाहीत गं."

"म्हंजी मेल्या?"

"मेल्या."

"आन मी हाय."

"आहेस."

"मग रडतीस कशाला, येडे?"