मर्लचा पायगुण

ऑस्ट्रेलियातल्या आमच्या गेरीमूकमध्ये गुरुवारी पाव आणायला बाहेर पडलं की तासभर तरी घरी परतायचं नाव नको. शनिवारची फुटबॉलची मॅच, म्हणजे चेंडू हातातही घेता येतो ती इथली तऱ्हा, नोरीनच्या बेकरीत गुरुवारीच खेळून होते. सॉसच्या दोन बाटल्या म्हणजे गोलचे खांब, मीठ-मिऱ्याच्या बरण्या म्हणजे बचावफळी आणि कुणाच्या तरी बशीतला व्हॅनिला स्लाइसचा उरलेला तुकडा म्हणजे चेंडू. शेवटी तो तुकडा क्लाइड पेनरोज खाऊन टाकतो आणि मॅच संपते.

त्या आठवड्यात फायनल होती. आमचे लाल-पांढरे काकाकुवा विरुद्ध शेजारच्या टालबर्नचे निळे एडके. फायनलचा मान यंदा आमच्याच मैदानाला होता, त्यामुळे बेकरीत उभं राहायला जागा नव्हती.

"डार्सीची मांडी धरलीय म्हणे," कुणीतरी सुरुवात केली.

"धरली नाही, आखडलीय," नोरीन काउंटरमागून म्हणाली. "त्याची आई सकाळीच पाव घेऊन गेली."

"म्हणजे आपलं काही खरं नाही. गोल मारणारा तो एकटा. बाकीचे नुसते पळतात."

"वारा कुठला सांगितलाय?"

"उत्तरेचा. नाणेफेक जिंकली तर मॅचच्या पहिल्या चतकोरात आपल्याला वारा."

"आणि शेवटच्या चतकोरात त्यांना. मग?"

क्लाइडनं मिऱ्याची बरणी सावकाश पुढं सरकवली. उभा जन्म मेंढ्या भादरण्यात गेलेला माणूस; तरुणपणी काकाकुवांकडून खेळला, तेव्हाचं एक बोट अजून वाकडंच आहे. ते बोट त्यानं वर केलं.

"मांडी झाली, वारा झाला. खरी अडचण आहे तिचं नाव कुणी घेत नाही. मर्ल."

"क्लाइड, तुझ्या जिभेला काही हाड?" नोरीन म्हणाली. पण तिनं आधी दाराकडं पाहून घेतलं.

मर्ल ट्रँटर माझी शेजारीण. आमचे हे जनावरांचे डॉक्टर, म्हणून या गावात आलो, तेव्हापासूनची. आमच्या दोघींच्या कुंपणाला आम्ही एक फट पाडून घेतलीय आणि पुरुषमंडळींना ती वाऱ्यानं पडली असं सांगितलंय. सत्तरी ओलांडलेली, बुटकी, वाटोळी, बोलायला फटकळ. आयुष्यभर पोस्टात खिडकीमागं बसली, त्यामुळे गावात कुणाला कुठून पत्र यायचं हे तिला ठाऊक, आणि ते तिनं कधी कुणाला सांगितलं नाही हे गावाला ठाऊक. तिचा नवरा लेस काकाकुवांचा बचावपटू. तो होता तोवर अख्ख्या टीमचे कपडे मर्लच्या परसात वाळायचे. लाल-पांढऱ्या पट्ट्यांची ती रांग फडफडताना दिसली की समजावं, चिखलाची मॅच झाली. तो गेल्यावरही ती धुतच राहिली. शेवटी क्लबनंच यंत्र घेतलं, तेव्हा रुसून महिनाभर क्लबात गेली नाही.

मॅच मात्र तिनं चुकवली नाही. आमच्याकडं मैदानाभोवती गाड्या नाक आत करून लावतात आणि माणसं आत बसून खेळ बघतात. आपल्या टीमचा गोल झाला की हॉर्न वाजवायचा. निलगिरीच्या मोठ्या झाडाखालची जागा मर्लच्या साय-रंगाच्या जुन्या गाडीची. लेसनं लावायला सुरुवात केली तेव्हापासूनची. तिथं ती थर्मास उघडणार, मांडीवर विणकाम घेणार, आणि आपला गोल झाला की सुया न सोडता कोपरानं हॉर्न दाबणार. त्या कोपराचा आवाज साऱ्या मैदानाला ओळखू यायचा. थोडा लांबायचा.

यंदा जूनमध्ये तिच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. ती घरी होती तेवढ्यात काकाकुवा जिंकत गेले. ती परतली, हरले. नातीच्या बाळंतपणाला मेलबर्नला गेली, जिंकले. आली, हरले. आपल्याकडं 'पांढऱ्या पायाची' म्हणतात, त्याला इथं शब्द नाही. पण बेकरीचं शब्दावाचून कधी अडलेलं नाही.

"मी काय तिच्या वाईटावर आहे का?" क्लाइड म्हणाला. "लेस माझा जिवाचा दोस्त होता. पण फायनलला ती झाडाखाली बसली ना, तर डार्सीच्या दोन्ही मांड्या धडधाकट असूनही उपयोग नाही."

"मग तू सांग तिला, येऊ नकोस म्हणून."

"मी? मला अजून जगायचंय, बाई."

त्याच दिवशी संध्याकाळी क्लबात सोडत होती. दर गुरुवारी असते. तिकीट घ्यायचं, नशीब असेल तर मांसाचं भलंमोठं तबक घेऊन घरी जायचं. त्या दिवशी तबकासोबत अचानक एक खास बक्षीसही निघालं: समुद्रकाठच्या हॉटेलात दोघांचा मुक्काम, जेवणखाण धरून, फक्त या शनिवारीच. क्लाइडनं टोपीत हात घातला, चिठ्ठी काढली आणि ती न उघडताच ओरडला, "मर्ल ट्रँटर!"

टाळ्या जरा जास्तच जोरात पडल्या. मर्ल उठली, पाकीट घेतलं, क्लाइडच्या गालाची पापी घेतली आणि परत माझ्याशेजारी येऊन बसली.

"बाई गं," ती माझ्या कानात म्हणाली, "आज मी तिकीट घेतलंच नव्हतं."

मी तिच्याकडं पाहायचं टाळलं. सकाळी बेकरीत मीही होतेच की.

"मला काय ते कळतं," ती म्हणाली. "कारण मीही मोजलंय. तू लबाडी न करता सांग. तुला वाटतं माझ्यामुळं हरतो आपण?"

"काहीतरीच काय, मर्ल!"

"हं. म्हणजे वाटतं."

हा प्रश्न तिनं हसत विचारला, पण बक्षिसाचं पाकीट तिनं तीनदा उघडून तीनदा बंद केलं. ज्या टीमचे कपडे हातानं धुतले, तिलाच आपण बाधतो, हे कुणाच्या घशाखाली उतरेल? त्या झाडाखाली ती काही नुसती खेळ बघायला बसत नव्हती.

शुक्रवारी दिवसभर तिच्या खिडकीत सुया हलताना दिसत होत्या. शनिवारी सकाळी कुंपणाच्या फटीतून ती आत आली आणि मी दुधाचं भांडं सांडलं. गळ्यात निळा मफलर. भडक, टालबर्नचा निळा!

"समुद्रावर गार वारा असतो?" मी आपलं विचारलं.

"समुद्र कुठला? ते बक्षीस मी हॉटेलवाल्याला फोन करून पुढं ढकललं. फक्त याच शनिवारी म्हणे! त्याला काय, पैसे मिळाले म्हणजे झालं." तिनं मफलर नीट केला. "हे बघ, माझा पायगुण वाईट आहे ना? मग तो वाया का घालवायचा? चल, गाडीत बस."

तर आम्ही निलगिरीच्या झाडासमोरून गेलो. तिची जागा मोकळी होती. एवढी गर्दी असून तिथं कुणाची गाडी घालायची छाती झाली नव्हती. मर्लनं तिकडं पाहिलं नाही. सरळ मैदानाला वळसा घालून तिनं गाडी टालबर्नवाल्यांच्या रांगेत घुसवली.

शेजारच्या गाडीतला लालबुंद चेहऱ्याचा वॉली स्ट्रिकलंड काच खाली करून म्हणाला, "मर्ल, वाट चुकलीस का काय?"

"मन बदललं, वॉली. आता मी तुमची."

वॉली एवढा खूश झाला की त्यानं बायकोच्या हातातली खिमा भरलेली गरम मीट-पाय काढून मर्लला दिली. पण टालबर्नलाही बेकरी आहे. पहिला चतकोर संपता संपता बातमी तिथून फिरून वॉलीपर्यंत पोचली. तो पुन्हा आला, या वेळी टोपी हातात घेऊन.

"मर्ल, तुझी जागा तिकडं मोकळीच आहे बघ. सावलीची."

"मला ऊन आवडतं."

"इथून तुला नीट दिसत नसेल."

"नवा डोळा आहे, वॉली. सगळं दिसतं."

"अगं, आम्ही तुझं काय वाकडं केलंय?" तो कळवळून म्हणाला.

"अजून काही नाही. सॉस आहे का थोडा?"

एडक्यांचा गोल झाला की मर्ल इमानेइतबारे कोपर मारायची आणि वॉली कपाळाला हात लावायचा. मैदानापलीकडून आमची माणसं आधी ओरडली, मग कुणालातरी उमगलं असावं; लाल-पांढऱ्या घोळक्यातून क्लाइडनं टोपी काढून आमच्या दिशेनं उंच हलवली. मर्लनं त्याला हात केला नाही, पण मफलर आणखी वर ओढला.

आणि खरंच, काकाकुवा खेळले! डार्सी लंगडत लंगडत गोल करत होता. एकदा आघाडी आमची, एकदा त्यांची. शेवटच्या चतकोरात वारा त्यांच्याकडं गेला, तरी आपण तीनच गुणांनी मागं. मर्लचं विणकाम केव्हाच पायाशी पडलं होतं. आणि मॅच संपल्याचा भोंगा वाजायच्या अगदी आधी डार्सीनं खांबांसमोर उंच उडी मारून झेल घेतला. झेल घेतला की भोंग्यानंतरही एक लाथ मारायला मिळते. मधल्या दोन खांबांमधून गेला तर सहा गुण आणि कप आपला.

मैदान चिडीचूप. डार्सीनं मांडी चोळली. मर्लनं माझं मनगट असं धरलं होतं की बोटांचे वळ दोन दिवस राहिले.

"तू आता एडक्यांची आहेस," मी पुटपुटले. "हाताची घडी घाल, मर्ल."

"घालते. घातली."

डार्सी धावत आला. लाथ बसली. चेंडू उठला, सरळ, सुरेख, थेट मधोमध निघालेला. आणि माझ्या शेजारी हॉर्न वाजला. कोपरानं, लांबलचक. चेंडू अजून हवेत होता!

वाऱ्यानं त्याला केसभर ढकललं. तो खांबाला लागला. टण्ण.

खांबाला लागला की एकच गुण. दोन गुणांनी गेली फायनल.

मग सगळे निळे हॉर्न एकदम वाजायला लागले, आणि त्या गोंगाटात आधीचा एक हॉर्न बुडून गेला. मर्ल कोपराकडं बघत बसली होती, जणू ते दुसऱ्या कुणाचं असावं.

वॉली नाचत आला आणि खिडकीतून आत वाकून म्हणाला, "पायगुण म्हणे! मर्ल, तू सोनं आहेस सोनं! पुढच्या वर्षी याच जागी बस."

ती काही बोलायच्या आत क्लाइड मैदान ओलांडून पोचला. त्याच्या मागं नोरीन आणि निम्मी बेकरी. क्लाइडचे डोळे लाल झाले होते. त्यानं टोपी काढली, वाकडं बोट दारावर ठेवलं.

"मर्ल, चुकलं आमचं. तू त्यांच्यात बसलीस, त्यांच्यासाठी हॉर्न मारलास, तरी आपण हरलो. म्हणजे तुझा काही संबंध नाही. आपणच ढ."

"मी म्हणतच होते," नोरीन म्हणाली.

"तू कधी म्हणालीस?"

"मनात."

मर्लनं सावकाश निळा मफलर काढला, त्याची घडी केली आणि क्लाइडच्या हातात दिली. "डोळे पूस. आणि ऐक. त्या हॉटेलचं मी पुढं ढकललंय, परत काही देणार नाही."

"ठेव, ठेव! ते तुझंच आहे. सोडतीत लागलंय ना तुला."

"हो ना," मर्ल म्हणाली. "नशीब असतं एकेकाचं."

महिन्याभरानं त्या हॉटेलात तिनं मलाच नेलं. वाळूत पाय खुपसून चिप्स खाताना तिनं आजूबाजूला पाहिलं. नुसते समुद्रपक्षी होते, तरी तिनं आवाज खाली आणला.

"हवेत असताना वाजवला मी. तू ऐकलंस."

"वारा होता, मर्ल."

"वारा होता, हो. पण तो चेंडू मधोमध चालला होता आणि मग मी त्याला आपला म्हटलं." तिनं एक चिप पक्ष्याला टाकली. "कुणाला बोलू नकोस. साऱ्या गावानं मला निर्दोष सोडलंय. मी एकटी आता काय कोर्टात जाऊ?"

मी गावात कुणाला बोलले नाही. इथं मराठी कुणाला वाचता येत नाही, एवढाच काय तो माझा धीर.

एप्रिलमध्ये नवा हंगाम सुरू झाला. साय-रंगाची गाडी निलगिरीखाली, नाक आत करून. थर्मास, सुया, लाल-पांढरी लोकर, सगळं जागच्या जागी. डार्सीनं पहिलाच गोल मारला आणि मैदानाभोवतीच्या साऱ्या गाड्या कोकलल्या. एकच गप्प होती. मर्लनं फक्त दोन्ही सुया वर केल्या आणि पुन्हा टाका घातला.

क्लाइड बोनेटवर हात टेकून म्हणाला, "मर्ल, हॉर्न बंद पडला का गं? माझा भाचा गॅरेजात आहे, पाच मिनिटांचं काम."

"राहू दे," ती म्हणाली. "वय झालंय त्याचं."

हॉर्नची काढलेली तार तिच्या विणकामाच्या पिशवीत होती. लोकरीच्या गुंड्याखालून तिचं टोक दिसत होतं, ते मी हळूच आत सारलं.