मिटून आलेली मूठ

राइस मिलच्या मागे भुशाच्या राखेचा ढीग असायचा. बॉयलरमध्ये धानाचा भुसा जाळत आणि राख मागे आणून टाकत. वरून ती थंड दिसे, पिठासारखी मऊ. आत मात्र दोन-दोन दिवस विस्तव धुमसत राही. आम्ही रेजा, म्हणजे उकडलेलं धान अंगणात पसरून पायांनी फिरवणाऱ्या बाया. सकाळी कामावर आलो की काठीने खड्डा करून त्या राखेत रताळी पुरायचो. दुपारच्या सुट्टीपर्यंत ती भाजून तयार. चूल नको की लाकडं नकोत.

त्या दिवशीचं रताळं मी पुरलेलं होतं. मुलगी पाच वर्षांची. घरी तिला सांभाळायला कोणी नव्हतं, म्हणून माझ्याबरोबर यायची. सुट्टी व्हायला अवकाश होता आणि तिला भूक लागली असावी. काठी वगैरे काही नाही, तिने सरळ उजवा हात आत घातला.

पुढचं मला नीट लिहिता येत नाही. राहू दे.

आम्ही मूळचे चिचगडकडचे. वाटणीत शेत इतकं थोडं आलं की मी आणि नवऱ्याने गोंदियाला येऊन मिलमध्ये लागायचं ठरवलं. मी चौथीपर्यंत शिकलेली, पण तेवढ्यावर कोण काय काम देणार? आपलं माणूस म्हणावं असं शहरात कोणी नव्हतं. बाजारातल्या लोकांची हिंदी ऐकली की माझ्या तोंडून शब्द निघत नसे. अशा जागी पोरीचा हात भाजला. दवाखान्यातून मलम आणलं, गावाकडून कोणी सांगितलं म्हणून खोबरेल आणि चुन्याची निवळीही लावली. माशा बसू नयेत म्हणून मी सगळा हात चिंधीने घट्ट बांधून ठेवत असे, मुठीचा गोळा करून. जखम भरली तेव्हा मी सुटकेचा निःश्वास टाकला. चिंधी सोडली तर बोटं तळहाताला चिकटून आलेली. मूठ मिटली ती मिटलीच. मी उघडून बघायला गेले तशी पोर ओरडली.

दवाखान्यातला कंपाउंडर म्हणाला, "काऊन अशी बांधली वो? बोटं मोकळी ठेवाची होती."

मला कोणी सांगितलं होतं का? पण दोष द्यायचा तर कोणाला द्यायचा! रताळं मी पुरलं, चिंधीही मीच बांधली.

त्यानेच सांगितलं की नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात चिकटलेली कातडी कापून असे हात मोकळे करतात, मात्र लवकर न्या. पोर वाढेल तशी हाडंही वाकडी होतील. महिनाभर तरी तिथे राहावं लागेल, वरचा खर्च वेगळा. तो खर्च ऐकून घरी आम्ही दोघं जेवलोच नाही.

मिलचे म्हातारे मुनीम भला माणूस. त्यांनी मला बोलावून घेतलं. बाजारातले व्यापारी मालाच्या प्रत्येक खरेदीमागे थोडं धरमाचं म्हणून बाजूला काढत. त्यातून पाणपोई चाले, गाईंना चारा जाई. महिन्यातून एकदा सकाळी तीन-चार शेठ धर्मशाळेत बसून कोणाला मदत द्यायची ते ठरवत. आमचे शेठही त्यात होते. मुनीम म्हणाले, "सोमवार को बच्ची को ले आना. बोलना कुछ नहीं, बस दिखा देना."

ही गोष्ट अंगणात कळली तेव्हा एक जण धान फिरवता फिरवता बोललीच, "त्याच्याच राखेत पोरगी भाजली, अन् वरून धरम कायचा करून राहिला तो?" बाकीच्या हसल्या. मी हसले नाही. मला भीती वाटली, कोणी शेठच्या कानावर घातलं तर सोमवार जायचा. तिचं म्हणणं आज मला अर्धंमुर्धं पटतं. पण त्या वेळी माझ्या पोरीच्या हातासाठी दुसरं कोणीही उभं नव्हतं, हेही तितकंच खरं.

आता आमचं शहाणपण ऐका. मोठ्या माणसांपुढे जायचं तर पोर नीट दिसली पाहिजे. शेजारणीने तिच्या भाचीचा लांब बाह्यांचा फ्रॉक दिला. मी तेल लावून वेणी घातली, काजळ लावलं, कपाळाला टिकली लावली. उजवी बाही ओढून पार बोटांच्या पुढे आणली. शेजारीण म्हणाली, "हाव, असंच झाकून ठेव. सकायी सकायी कोनाले जखम दाखवतेस का?" मलाही ते बरोबर वाटलं. आम्ही नवरा-बायको दोघंही शेतकऱ्याच्या घरातली. दारात आलेल्याला सुपाने धान घालणारी. मागायला जाणाऱ्याने कसं दिसावं, हे आम्हांला कुठे ठाऊक होतं?

धर्मशाळेत गादीवर तीन शेठ बसले होते. मुनीमांनी आम्हांला पुढे केलं. त्यांतल्या आमच्या मालकांनी लेकीकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाले, "अच्छी भली तो है! कौनसी तकलीफ है इसको?"

मुनीमांनी माझ्याकडे पाहिलं. बोलायचं नाही, दाखवायचं, हे मला पाठ होतं. पण हात बाहीतून काढायचा कसा, तेच सुचेना. ज्या हाताची इतकी लाज वाटली तो तीन परक्या पुरुषांसमोर उघडा करायचा! मी पदर धरून तशीच उभी. दुसरे शेठ हसून म्हणाले, "घाबरली बाई." त्यांनी थाळीतला पेढा उचलून मुलीपुढे धरला, म्हणजे आता निघा. मुनीम खाली बघू लागले.

पोरीने डावा हात पुढे केला.

"अरे अरे, सीधे हाथ से. प्रसाद है बेटी."

ती माझ्याकडे बघू लागली. पेढा तिला हवा होता. शेठनी हात मागे घेतला आणि पुन्हा सांगितलं, "सीधा हाथ." तिने बाहीतला उजवा हात वर केला, बाही लोंबत राहिली, आणि ती एकदम म्हणाली, "हा उघडत नाही ना जी. मायनं बांधला होता."

माझ्या अंगात कुठून बळ आलं कोण जाणे. मी पुढे झाले आणि बाही कोपरापर्यंत वर सरकवली. त्या काजळ-टिकलीच्या पोरीचा तो हात, भाजलेल्या वांग्यासारखा काळा, चुरगळलेला. एक शेठ उठून उभे राहिले. मालकांनी विचारलं, "हमारी मिल में?"

"हो जी," मी म्हणाले. "रताळं मीच पुरलं होतं." हे कशाला सांगितलं, देव जाणे. घरी आल्यावर नवऱ्याने डोक्याला हात लावला, "अवं, तो इचारून राहिला का तुले?" पण काम झालं होतं. जाण्या-येण्याचं, औषधांचं, आम्हा दोघींच्या जेवणाचं सगळं ते बघणार होते. दवाखान्यासाठी चिठ्ठी दिली. मालकांनी पेढ्याची सगळी थाळीच पोरीच्या फ्रॉकच्या घोळात रिकामी केली. मी त्यांच्या पायांना हात लावायला वाकले तर ते मागे सरले आणि पोरीच्या हाताकडे बघत म्हणाले, "नहीं बाई, तू मत छू."

नवऱ्याने काम सोडून चालणार नव्हतं. त्याने आम्हांला नागपूरच्या गाडीत बसवून दिलं. ती चिठ्ठी मी ब्लाउजमध्ये ठेवली होती. घामाने तिची शाई पसरेल म्हणून दर स्टेशनला काढून बघायचे. दवाखान्यातही तेच. रोज सकाळी वाटायचं, आज कोणी येऊन म्हणेल की बाई, तुमचं झालं, निघा. डॉक्टर म्हणाले की तळहातावर नवी कातडी लावावी लागेल. मी लगेच हात पुढे केला, माझी घ्या. ते हसले. "आईची चालत नाही बाई. तिच्याच मांडीची घेऊ." म्हणजे तेवढंही माझ्याच्याने होणार नव्हतं.

ऑपरेशन झालं. बोटं सरळ करून हात फळीला बांधला होता. पंधरा-वीस दिवसांनी पट्ट्या सुटल्या तेव्हा मला वाटलं, संपलं. सिस्टरने तेलाची वाटी माझ्या हातात दिली.

"रोज तीन वेळा. एकेक बोट असं मागे न्यायचं. रडेल ती. तुम्ही थांबायचं नाही. थांबलात तर पुन्हा आकसेल, मग आमच्याकडे येऊ नका."

हे काम मात्र माझ्या एकटीचं होतं. पैसे देणाऱ्यांनी पैसे दिले, कापणाऱ्यांनी कापलं, आता दुखवायचं मी. पहिल्या दिवशी तिने खाट डोक्यावर घेतली. दुसऱ्या दिवशी वाटी दिसली की खाटेखाली शिरायची. मी पाय धरून बाहेर ओढायचे. "तू माही माय नाहीस! मले बाबाकडे जाचं आहे!" सगळा वॉर्ड ऐकायचा. समोरच्या खाटेवरच्या पोराची आई म्हणायची, "सोडा वो बाई एक दिवस, लेकरू आहे." मी सोडलं नाही. तिचं बोट मागे न्यायचं आणि दुसरीकडे बघायचं, असं चाललं होतं. बोटं पुरती हलत नव्हती. सिस्टर रोज बघून नुसतं "हं" म्हणायची, आणि त्या "हं"चा अर्थ लावत मी दिवस काढायचे.

आठवडा झाला असेल. मी मधलं बोट जरा जास्त मागे नेलं. तिने हात हिसकला आणि माझ्या गालावर मारली. चांगली सणसणीत. उजव्या हाताने.

मग समोरची बाई म्हणाली, "लागली का वो?"

"लागली," मी म्हणाले. गालाला हात लावून पाहिलं. तेलाने गाल चिकट झाला होता. मूठ बसली नव्हती, पंजा बसला होता. "कुठपर्यंत उमटली, बघा ना."

ती बाई खाटेवरून उतरून आली, माझा चेहरा उजेडाकडे वळवून मोजू लागली. "तीन बोटं दिसून राहिली. चौथं अर्धं." मग ती हसायला लागली आणि मी रडायला लागले.

पोर घाबरली. तिला वाटलं, मला फार लागलं. मी दुसरा गाल पुढे केला. "मार, अजून एक मार." ती मारेना. हात पाठीमागे लपवून मुसमुसू लागली.

तिची करंगळी पुढे कधीच पुरती सरळ झाली नाही. पण त्या दिवशी ते कोणाला माहीत होतं? गलका ऐकून सिस्टर आली, काय झालं ते ऐकून घेतलं, हात धरून बोटं एकेक वाकवून पाहिली. "हं" म्हणाली नाही. "चांगलं आहे," म्हणाली. मग वाटीकडे बघून मला म्हणाली, "आणि आजचं झालं का पूर्ण?"

झालं नव्हतं. मी नाक पुसलं, लेकीला मांडीवर घेतलं आणि अंगठ्यापासून सुरुवात केली.