डबल आल्यावर कोणी पळायचं

डबा द्यायचा, चहा घ्यायचा आणि निघायचं, एवढं ठरवून मी त्या रविवारी फुलपाड्याहून आगाशीला निघालो. डबा म्हणजे बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा. आत पत्त्यांचे दोन जोड, एक बुटकी पेन्सिल, गुण लिहायचे कागद आणि माझ्या बायकोची निळ्या पुठ्ठ्याची वही. डबा आमच्या ब्रिजच्या बैठकीचा, पण सांभाळायची ती. ती जाऊन अकरा महिने झाले होते. तेवढे दिवस डबा पुस्तकांच्या कपाटावर होता, आणि त्या कपाटातलं पुस्तक हवं असलं तरी मी शक्यतो खालच्याच कप्प्यातलं घेत होतो.

आमची बैठक साधी. आगाशीला एका वाडीत, म्हणजे केळी, नारळ आणि सोनचाफ्याच्या बागेत, भाऊ आणि वहिनींचं घर आहे. त्यांच्या ओट्यावर दर रविवारी तीन वाजता आम्ही दोघं विरुद्ध ते दोघं, असा वीस-बावीस वर्षं खेळ चालला. पाचव्या म्हणजे टीचर. वसईकडच्या गावातल्या, माझ्या बायकोच्या शाळेत इंग्रजी शिकवत. गणित शिकवणारी माझी बायको खेळताना त्या तिच्या मागे खुर्ची टाकून बसत आणि शिकत. निवृत्त झाल्यावर त्यांनी ब्रिजची जाडजूड पुस्तकं मागवून घेतली आणि आमच्यापेक्षा जास्त वाचलं. खेळायला मात्र त्यांना कोणी आजारी पडल्याशिवाय जागा मिळत नसे.

मी फाटकातून आत शिरलो तेव्हा तिघं ओट्यावर पाच-तीन-दोन खेळत होते. शाळकरी पोरांचा तो खेळ साठी उलटलेली तीन माणसं इतक्या गंभीरपणे खेळताना बघून मला अपराधी वाटलं. ब्रिजला चार माणसं लागतात. माझ्यामुळे ह्यांच्यावर ही पाळी आली होती.

"आले बघा लायब्ररी," भाऊ म्हणाले. मी कॉलेजात ग्रंथपाल होतो, तेव्हापासून ते मला ह्याच नावाने हाक मारतात. "आता आवाज करू नका कोणी."

वहिनींनी डब्याकडे पाहिलं. "डबा आणलात भावोजी? बरं केलंत."

"द्यायला आणलाय," मी म्हणालो. "तुमच्याकडेच राहू दे. तुम्ही कोणी चौथा भिडू बघा. मला आता जमेलसं वाटत नाही."

टीचरनी आणलेल्या फुग्यांचा डबा उघडा होता, त्यातला एक फुगा वहिनींनी माझ्या बशीत ठेवला. मैद्याचा तो गोल, तळलेला पाव हातात घेऊन मी उगाच फिरवत बसलो.

"नवा भिडू बघू ना," भाऊ सावकाश म्हणाले. "पण आज तर नाही ना मिळणार? एक रबर बसा. रबर संपलं की तुम्ही मोकळे."

ज्यांना ब्रिज माहीत नाही त्यांच्यासाठी एवढंच सांगतो, की रबर म्हणजे तीनपैकी दोन गेम. गेम म्हणजे बोललेले हात करून मिळवलेले शंभर गुण; जी जोडी असे दोन गेम आधी पुरे करेल, तिचं रबर. तासाभरात आटोपतं. मी हो म्हणालो. टीचर माझ्या समोर, माझ्या बायकोच्या खुर्चीत येऊन बसल्या. बसण्याआधी त्यांनी खुर्ची थोडी मागे सरकवली. तिला टेबलाला खेटून बसायची सवय होती.

पहिल्याच डावात टीचर म्हणाल्या, "एक नो ट्रम्प." म्हणजे कुठलाही रंग हुकूम नाही आणि तेरातले सात हात आम्ही करू, अशी बोली. त्यांच्या डावीकडच्या वहिनी एक क्षणही न थांबता म्हणाल्या, "डबल!"

हा डबल म्हणजे उघड आव्हान असतं. तुम्हाला हे झेपणार नाही, आणि झेपलं नाही तर दंड दुपटीहून जास्त. वहिनींचा डबल सगळ्या वाडीला ऐकू जातो. आता पाळी माझी होती. माझ्या हातात चौकटची सहा पानं होती, गुलामापासून दुर्रीपर्यंत, आणि बाकी सगळा पालापाचोळा. मी म्हणालो, "पास."

भाऊ पास म्हणाले. टीचरनी माझ्याकडे पाहिलं, मान डोलावली आणि पास म्हणाल्या. मी थक्क झालो. त्या पळाल्या का नाहीत, म्हणजे दुसऱ्या रंगाची बोली करून डबलमधून का सुटल्या नाहीत, हे मला कळेना.

वहिनींनी पहिलं पान टाकलं. बोली टीचरची, त्यामुळे मी डमी झालो. डमीला आपली सगळी पानं टेबलावर उघडी मांडावी लागतात. मी ती मांडली. चौकटची सहा पानं एकाखाली एक अशी लांबलचक रांग झाली.

"अगं बाई," वहिनी म्हणाल्या.

"सर!" टीचर म्हणाल्या. "सहा चौकट!"

पुढे जे झालं ते थोडक्यात सांगतो. हुकूमच नसल्यामुळे माझ्या त्या बारक्या पानांना काही किंमत नव्हती, आणि टीचरच्या हातातून त्यांच्यापर्यंत पोचायला वाट नव्हती. सातपैकी तीन हात झाले. चार कमी. भाऊंनी कागदावर आठशेचा आकडा इतक्या सुबक अक्षरात लिहिला, की जणू लग्नाच्या आहेराच्या पाकिटावर नाव घालतायत.

"दोन चौकट म्हणायचं ना सर," टीचर म्हणाल्या. "चौकट हुकूम झाले असते तर ह्याच दुर्री-तिर्रीने हात घेतले असते. तुम्ही पास म्हणालात, मला वाटलं, सरांकडे पत्ते आहेत म्हणून गप्प आहेत."

"त्यांच्याकडे पत्ते असोत नाहीतर नसोत," वहिनी म्हणाल्या, "ते गप्पच असतात."

सगळ्यात आधी मी हसलो. मग भाऊ इतके हसले की त्यांचा चष्मा फुग्यांच्या डब्यात पडला.

हसून झाल्यावर मी खुलासा करायला गेलो आणि अडखळलो. काय सांगायचं होतं ते मलाच तेव्हा पहिल्यांदा नीट दिसत होतं. मग मी डब्यातून वही काढून टीचरपुढे ठेवली. त्यांनी पानं उलटली. एका पानावर तिच्या फळ्यावरच्या अक्षरात 'डबल आल्यावर' असं लिहिलं होतं, खाली दोन रेघा. टीचर शाळेत धडा वाचावा तसं मोठ्याने वाचू लागल्या.

"'घाबरू नये. लांब रंग आणि हलकी पानं असतील, त्याने पळावं. एकदाच पळावं. पुन्हा पळाल्यास खड्डा खोल होतो.'" मग त्या थांबल्या आणि जरा हळू आवाजात शेवटची ओळ वाचली. "'हे पास म्हणाले तर त्यांना सुचत नाहीये असं समजावं आणि मी पळावं.'"

असं होतं ते. डबल आला की मी पास म्हणायचो, आणि ती माझ्या तोंडाकडे न बघता दुसऱ्या रंगात उडी घ्यायची. जगातल्या कुठल्याही पुस्तकात नसलेला हा नियम आम्ही दोघांनी कधी बोलून ठरवला नव्हता. इतकी वर्षं मी स्वतःला शांत डोक्याचा खेळाडू समजत आलो होतो.

"आणि मला मागे बसून वाटायचं, ही किती धीट आहे," टीचर म्हणाल्या. "तिला दुसरा इलाजच नव्हता की!"

"माझ्या पुस्तकात असं काही नाही हं सर," त्या पुढे म्हणाल्या. "तुम्ही पास म्हणालात तर मी बसणार. पळायचं असेल तर तुमचं तुम्हाला पळावं लागेल."

पुढचे डाव बरे-वाईट गेले. भाऊ-वहिनींचा एक गेम झाला. त्यांना रबरासाठी आणखी एकच हवा होता. आमच्या नावावर एकही नव्हता. वहिनींनी मध्येच सुकेळी आणून ठेवली. केळी वाळवून केलेली सुकेळी आधी चावताना चिवट लागते आणि मग गोड होते, त्यामुळे बोलण्याला आपोआप खीळ बसते. ऊन ओट्यावरून उतरून अंगणात गेलं. मला घड्याळाची आठवण झाली नाही हे मला नंतर जाणवलं.

मग टीचर पुन्हा म्हणाल्या, "एक नो ट्रम्प."

"डबल!" वहिनी.

भाऊ पानांआडून माझ्याकडे बघत होते. माझ्या हातात किलवरची पाच पानं होती, सर्वांत मोठी दश्शी. इस्पिकचं एक, चौकटची चार, बदामाची तीन, त्यात एक राणी. 'पास' हा शब्द जिभेवर येऊन बसला होता. तो म्हणून टाकला की माझं काम संपलं, पुढचं समोरचं माणूस बघेल, ही जन्माची सवय. मी समोर पाहिलं. टीचर शांतपणे सुकेळी चावत होत्या. त्या बसणार होत्या, हे त्यांनी सांगून ठेवलं होतं.

"दोन किलवर," मी म्हणालो. आवाज इतका बारीक आला की भाऊंनी कानाला हात लावला.

"मोठ्याने, लायब्ररी. आता परवानगी आहे."

"दोन किलवर!"

"डबल," भाऊ म्हणाले.

टीचर पास. वहिनी पास, पण जरा नाखुशीने. पाळी परत माझ्याकडे. चौकटची चार पानं मला खुणावत होती. दोन चौकट म्हटलं तर? कदाचित तिथे बरं जमेल. पण वही अजून टीचरच्या कोपरापाशी उघडी होती, आणि उलटीकडूनही मला ती ओळ वाचता येत होती. एकदाच पळावं. मी पास म्हणालो. आयुष्यात पहिल्यांदा तो शब्द मी मला सुचत असताना म्हणालो.

आठ हात करायचे होते. भाऊंनी इस्पिक टाकलं. वहिनींनी एक्का मारला आणि लगेच इस्पिकचा राजा ठेवला. माझ्याकडे इस्पिक उरलं नव्हतं. मी किलवरची तिर्री टाकली. वहिनींच्या राजावर माझी तिर्री! टीचर टेबलावर टिचकी मारून म्हणाल्या, "बघा, कामाला आली की नाही!" पुढे मी एकदा चुकलो, एकदा भाऊ चुकले. शेवटचं पान पडलं तेव्हा मी हात मोजले. सात.

"एक कमी," मी म्हणालो.

"शंभर गुण आम्हाला," भाऊ पेन्सिल उचलत म्हणाले.

"शंभर!" वहिनी त्यांच्यावर उखडल्या. "अहो, माझ्या हातात इस्पिकची सहा पानं होती, एक्का, राजा, राणी! चार इस्पिक सरळ होते. गेम होता, रबर होतं. तुम्हाला कुणी सांगितलं होतं डबल करायला?"

"तू नाही का केलास?"

"माझं वेगळं. मी नेहमी करते."

भाऊंनी कागदाकडे बघितलं. दंडाचे गुण रेघेच्या वर लिहितात, गेमला लागत नाहीत. आठशे मिळोत की शंभर, रबर जिथल्या तिथे होतं. वहिनींना चार इस्पिक बोलू दिलं असतं, तर मी पाचच्या बसने मोकळा होऊन निघालो असतो.

एव्हाना साडेपाच वाजले होते. टीचरना संध्याकाळच्या प्रार्थनेआधी घरी पोचायचं होतं. त्या उठल्या, त्यांनी फुग्यांचा रिकामा डबा पिशवीत घातला.

आमच्या बैठकीचा एक जुना रिवाज आहे. अर्धवट राहिलेलं रबर पुसत नाहीत. तो कागद डब्यात जातो आणि पुढच्या रविवारी तिथूनच सुरुवात होते. हा रिवाज माझ्या बायकोचाच. गणित अर्धं सोडलेलं तिला खपत नसे. वहिनींनी कागदाची घडी केली, वहीत घातली, वही डब्यात ठेवली आणि झाकण लावून डबा टेबलाच्या मधोमध ठेवला. तिघंही माझ्याकडे बघत नाहीयेत असं दाखवत होते. भाऊ तर रिकाम्या कपात काहीतरी शोधत होते.

डबल आल्यावर जसा विचार करावा तसा मी तिथे थोडा वेळ उभा राहिलो. मग डबा उचलला आणि काखेत धरला.

"टीचर," मी म्हणालो, "पुढच्या रविवारी तुमचं ते पुस्तक घेऊन या. डबलचं प्रकरण मला वाचायचंय."

"वाचा की," वहिनी म्हणाल्या. "तुम्ही वाचत बसा, मी डबल करते."

बसमध्ये खिडकीपाशी जागा मिळाली. मांडीवर डबा होता. खड्डा आला की आतली पेन्सिल खडखडत होती. अर्नाळ्याकडून आलेल्या दोन बायका समोर बसल्या होत्या, त्यातली एक म्हणाली, "काका, लाडू का?" मी म्हणालो, "नाही, पत्ते." तिने मला नीट न्याहाळलं आणि आपली पिशवी जरा जवळ ओढून घेतली. ही गोष्ट घरी जाऊन सांगावी असं वाटलं, आणि मग लक्षात आलं, की ती सांगायला आता रविवारपर्यंत थांबावं लागेल.